‘तडीपार’ आणि मावळची वाट : एम. सी. स्टॅन यांच्या काव्याचा एक विचार

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मळवली नावाचे एक लहानसे स्थानक आहे. त्याच्या उत्तरेस कार्ले आणि दक्षिणेस भाजे अशी दोन लेणी डोंगरात कोरलेली आहेत. भाजे येथील विहारातल्या एका शिल्पपटात तालवाद्य वाजविणारी स्त्री आणि तिच्यासन्निध नाचणारी दुसरी स्त्री दिसते. तबल्याच्या पूर्वजाचा शोध घेणारे अभ्यासक या शिल्पाकडे पुनःपुन्हा वळतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांनी आपापली नावे व गावे खोदवून ठेविली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनांचीही नावे आहेत. हातातला ठोका आणि ‘अमुक गावचा अमुक तो मी’ ही स्वनामाची घोषणा, या दोन गोष्टी मावळात दोन सहस्र वर्षांपूर्वी अशा शेजारी शेजारी नांदत होत्या.

याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकास, पुणे स्थानकाला लागून, ताडीवाला रस्ता ही दाट वस्ती आहे. एम. सी. स्टॅन या नावाने देशभर गाजलेले रॅपकार या वस्तीतले. आपले नाव व आपली वस्ती तालावर घोषित करणे हाच त्यांच्या काव्याचा प्रधान व्यापार आहे. लेण्यातील शिल्प आणि हे काव्य यांच्यामध्ये परंपरेचा अखंड धागा आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ठोक्यावर बोललेला शब्द हा अमेरिकेतून आलेला नवा माल होय, म्हणून मराठीच्या अभ्यासकाने त्याची दखल घेण्याचे कारण नाही, हे मत तरी विनाविचार स्वीकारावे काय, एवढी शंका येण्यास ही दोन टोके पुरेशी आहेत.

स्टॅन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९९९ रोजी पुणे येथे झाला. मूळ नाव अल्ताफ. घर मुसलमानाचे व परिस्थिती बेताची. ‘वाटा’ या गीताने २०१८ च्या सुमारास त्यांच्याकडे तरुणांचे लक्ष वेधले. पुढे ‘अस्तगफिरुल्लाह’ हे गीत २०१९ मध्ये, ‘तडीपार’ हा गीतसंग्रह २०२० मध्ये व ‘इन्सान’ हा दुसरा संग्रह २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘बिग बॉस’ या दूरचित्रवाणी-कार्यक्रमाच्या सोळाव्या पर्वाचे ते विजेते ठरले, आणि जो गायक तोवर विशिष्ट वयाच्या श्रोत्यांपुरता होता तो घरोघरी माहीत झाला. या विजयाचा काव्यविचाराशी संबंध थोडाच आहे. त्या कार्यक्रमात त्यांच्या तोंडचे ‘शेमडी’, ‘रावस’, ‘हक से’ असे शब्द देशभर पसरले, ही गोष्ट मात्र भाषाभ्यासकाने टिपून ठेवण्याजोगी आहे.

रॅप हा प्रकार न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या वस्तीत उदयास आला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत जमैकाहून आलेल्या कुटुंबातील कूल हर्क या तरुणाने एका घरगुती समारंभात तबकड्या वाजविल्या. नाचणाऱ्यांस गीतापेक्षा गीतातील निव्वळ तालाचा तुकडा अधिक प्रिय आहे हे हेरून तो तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबविण्याची युक्ती त्याने योजिली. या लांबविलेल्या तालावर बोलणारा, जमावास चेतविणारा जो सूत्रधार, तो ‘एम. सी.’. म्हणजे रॅपमध्ये ताल अगोदर जन्मला आणि शब्द मागाहून आला. आपल्या पोवाड्यात घडले ते याच्या उलट. तेथे शाहिराचे कवन आधी. डफ, तुणतुणे आणि झीलकरी त्याच्या साथीस. हा भेद वरवरचा नाही. ज्या कलेत ताल आधी असतो तीत तालाची रचना करणारा हा साथीदार राहत नाही, तो कर्ता होतो. अमेरिकेत त्याला ‘प्रोड्यूसर’ म्हणतात. पैसा पुरविणारा निर्माता हा त्या शब्दाचा अर्थ येथे घ्यावयाचा नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे निवडून, यंत्रावर ठोका बांधून गीताची सारी ध्वनिसृष्टी उभी करणारा तो प्रोड्यूसर. जे डिला हा २००६ मध्ये निवर्तलेला संगीतकार आणि कान्ये वेस्ट हे दोघेही शब्द व ठोका दोन्ही स्वतःच करणारे होते, आणि त्यांच्याविषयीच्या समीक्षेत ठोक्याला शब्दाइतकेच स्थान मिळाले आहे.

स्टॅन हे याच अर्थाने रॅपकार व प्रोड्यूसर असे दोन्ही आहेत. आपल्याकडील परिभाषेत सांगावयाचे तर शाहीर आणि डफकरी हे येथे एकाच अंगात आले आहेत. मराठी वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी लिहिले ते केस, दागिने, बक्षिसाची रक्कम आणि शिव्या यांविषयी. ठोका बांधणारा म्हणून त्यांचा विचार झालेलाच नाही, आणि मग त्यांचे शब्द कागदावर उतरून काढून ‘यात काव्य कोठे आहे?’ असा प्रश्न विचारण्यात येतो. पोवाड्याचा डफ काढून टाकला आणि उरलेल्या ओळींना आर्येचे माप लाविले, तर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्याचीही हीच गत होईल.

माप कोणते लावावे, याचे उत्तर मराठीत पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’त अक्षरगणवृत्तांहून निराळी अशी आवर्तनी रचना विस्ताराने विवेचिली. तीत पद्य हे तालाच्या आवर्तनांत चालते. आठ मात्रांचे ते पद्मावर्तन, सहा मात्रांचे ते भृंगावर्तन. रॅपचे एक माप हे चार ठोक्यांचे असते, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की त्याच्या आठ मात्रा होतात, आणि ते सरळसरळ पद्मावर्तन ठरते. आता अमेरिकेच्या दक्षिणेकडील अटलांटा शहरात जो ‘ट्रॅप’ नावाचा पोटप्रकार वाढला त्यात एक विशेष आहे. तेथे ठोका चारांचाच राहतो, पण बोलणारा प्रत्येक ठोक्यात तीन अक्षरे घालतो. मिगोस या गायकत्रयाच्या २०१३ मधील ‘व्हर्साचे’ या गीतापासून ही चाल जगभर गेली. चतुस्र ठोक्यावर तिस्र बोलीचा हा स्वार आपल्या तबलजींस अपरिचित नाही. स्टॅन यांची घडण ट्रॅपचीच असल्याने त्यांच्या गीतांत पद्मावर्तनावर भृंगावर्तन चढविल्याचे वारंवार आढळते, आणि जेथे ते एकाएकी तिसऱ्यावरून पुन्हा चौथ्यावर येतात तेथे श्रोत्यास जणू पायरी चुकल्यासारखे होते. हा धक्का हेतुपूर्वक दिलेला आहे. बहुधा अशाच ठिकाणी ओळीतला महत्त्वाचा शब्द, नाव वा शिवी, येऊन पडते.

ठोका स्वतःच बांधला असल्याचा लाभ येथे दिसतो. दुसऱ्याने बांधलेल्या ठोक्यावर बोलणारा त्यात आपली ओळ बसवितो. स्टॅन यांना ओळीसाठी ठोका थांबविता येतो. एखादा शब्द एकटा पडावा म्हणून खालचा मंद्र नाद क्षणभर काढून घेणे ही त्यांची आवडती युक्ती आहे. कीर्तनात बुवा मृदंगास हाताने थांबवून एक ओळ साधी बोलतात, त्या प्रकारचे हे आहे. ‘इन्सान’मध्ये मात्र सुरावटीकडे ओढा वाढला, आवाज यंत्राने घडवून घेण्याचे प्रमाणही जास्त झाले, आणि शब्दाची धार त्या प्रमाणात बोथट झाली. लोकप्रियता मिळविण्यास ‘इन्सान’ अधिक सोयीचा असेल; काव्य म्हणून ‘तडीपार’ सरस आहे.

‘तडीपार’ या नावाचाच विचार करू गेल्यास बऱ्याच गोष्टी हाती लागतात. हिंदी गीतांच्या या संग्रहाचे नाव शुद्ध मराठी आहे. तड म्हणजे काठ, कड. काम ‘तडीस नेणे’ म्हणजे ते काठास लावणे, पूर्ण करणे. आणि माणसास ‘तडीपार’ करणे म्हणजे त्याला काठापलीकडे घालविणे. एकाच शब्दाच्या पोटी सिद्धी आणि हद्दपारी अशी दोन अपत्ये आहेत. १९५१ च्या पोलीस अधिनियमातील कलमे ५५ ते ५७ यांच्या आधारे एखाद्यास जिल्ह्याच्या हद्दीबाहेर जास्तीत जास्त दोन वर्षे घालविता येते. कायद्याच्या पुस्तकात शब्द निराळा असला तरी लोकांच्या तोंडी व वर्तमानपत्रांत तो ‘तडीपार’च. स्टेशनलगतच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला हा शब्द शब्दकोशातून शिकावा लागत नाही. संग्रहाच्या नावामागे प्रत्यक्ष घटना कोणती हा चरित्रकाराचा विषय. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ज्याला नागर समाज आपल्या काठाबाहेरचा समजतो त्याने तो शिक्का उपाधीसारखा मिरविला आहे. ‘ताडीवाला’ आणि ‘तडीपार’ यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. पण कानाला तो जाणवतो, आणि रॅपकार कानावर जगतो.

पुणे जिल्ह्याची हद्द पश्चिमेस खंडाळ्याच्या घाटात संपते. लोणावळा हे या बाजूचे जिल्ह्यातील शेवटचे शहर. तडीपारीचा आदेश मिळालेल्या माणसाच्या दृष्टीने मावळ तालुका म्हणजे ओलांडावयाचा शेवटचा मुलूख होय. हाच घाट दुसऱ्या एका अर्थानेही काठ ठरला आहे. अलीकडच्या रॅपची पहिली मोठी लाट घाटाखाली, मुंबईत उठली. अंधेरीच्या डिव्हाइन यांचे नॅझी यांच्यासह गाइलेले ‘मेरे गली में’ हे गीत २०१५ मधले; त्यांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. मुंबईच्या या गीतांतील हिंदी ही ‘बंबैया’ म्हणून चित्रपटांनी आधीच लोकप्रिय केलेली होती. स्टॅन यांची हिंदी घाटावरची आहे. तिचे वळण दख्खनी मुसलमानी बोलीचे, तिच्यात मराठी शब्द पाहुण्यासारखे येत नाहीत, घरच्यासारखे वावरतात. ‘नुसता पैसा’ हे त्यांच्या एका गीताचे नाव पाहावे. ‘नुसता’ हा शब्द हिंदीत नाही, आणि त्याच्या जागी ‘सिर्फ’ वा ‘खाली’ घातल्यास मराठीतील तो तुच्छतेचा व तृप्तीचा एकदम येणारा स्वर हरवतो. ‘शाणा बन’ मधील ‘शाणा’ हा मराठीतल्या शहाण्याचा बोलीतील भाऊ, आणि त्यातला उपरोधही मराठीच. ‘शेमडी’ ही आपली शेंबडी. ‘रावस’ तर मासळीचे नाव, ते ‘उत्तम’ या अर्थी वापरले जाते. मासळीचे नाव घेऊन घाट चढून येणारे पहिले लोक अर्थात रॅपकार नव्हेत. कार्ल्याच्या एकवीरेस कोळी समाज चैत्रात येतो तेव्हा समुद्रकाठची गाणी मावळात नेहमीच ऐकू येतात.

‘ही भाषा हिंदी आहे, सबब ती आमच्या विभागाचा विषय नव्हे’ हा आक्षेप मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला धरून नाही. एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद रचला तो दख्खनी मिसळूनच. तुकारामांच्या गाथेत हिंदुस्थानी पदे व दोहरे आहेत. भंडारा डोंगर मावळातच आहे. त्या डोंगरावर चिंतन करणाऱ्या कवीस आपल्या शेजाऱ्याच्या बोलीत लिहिताना कमीपणा वाटला नाही. राम जोश्यांनी एकाच लावणीत अनेक भाषा खेळविल्या. सगनभाऊ हा शिकलगार जातीचा मुसलमान शाहीर उत्तर पेशवाईत पुण्यात गाजला आणि आज त्याची गणना निरपवादपणे मराठी शाहिरांत होते. विसाव्या शतकात अमर शेखांच्या बाबतीतही तेच झाले. या मालिकेत स्टॅन यांचे स्थान किती उंचावर, हा प्रश्न निराळा आहे. मालिकेच्या दाराशीच त्यांना अडविणे मात्र न्यायाचे नाही.

मुंबईच्या एमीवे बंटाई यांच्याशी त्यांचा जो गीतकलह झाला, ज्यातील ‘खुजा मत’ हे गीत प्रसिद्ध आहे, त्याने अनेक सुसंस्कृत वाचकांस किळस आली. कलगी-तुऱ्याच्या फडांत शक्ती मोठी की शिव मोठा या प्रश्नावरून रात्र रात्र चाललेली भांडणे ज्यांस ठाऊक आहेत त्यांना या प्रकाराचे नवल वाटू नये. फरक आहे तो विषयाचा. कलगीवाला व तुरेवाला एका तत्त्वाच्या वतीने भांडत. निदान तसे सोंग तरी आणीत. येथे दोन्ही बाजूंस वादाचा विषय ‘मी’ हाच असतो. प्रतिपक्षाचा शब्द पकडून तो उलटविण्याची चतुराई स्टॅन यांच्यापाशी आहे, पण सवाल-जवाबाला जी शास्त्राची बैठक असे ती येथे नसल्याने कलह संपला की गीतही संपते. ते पुन्हा ऐकावेसे वाटत नाही.

त्यांनी घेतलेल्या नावातही काही अर्थ दडला आहे. ‘स्टॅन’ हे एमिनेम या अमेरिकन रॅपकाराच्या २००० मधील गीताचे नाव. त्या गीतात एक चाहता आपल्या आवडत्या गायकास पत्रामागून पत्र लिहितो, उत्तर न आल्याने वेडापिसा होतो आणि नष्ट होतो. गायकाचे उत्तर येते ते वेळ टळून गेल्यावर. पुढे ‘स्टॅन’ हा शब्द अंध भक्त या अर्थाने इंग्रजी कोशांत शिरला. पुण्यातील मुलाने गायकाचे नाव घेतले नाही, भक्ताचे घेतले. जनाबाईने स्वतःस नामयाची दासी म्हणवून घेतले त्याची आठवण येथे होते. दास्याचे नाव धारण करूनच तिने आपला स्वतंत्र स्वर मिळविला. स्टॅन यांचा स्वर स्वतंत्र झाला तो अमेरिकेची नक्कल सोडल्यामुळे असे म्हणता येत नाही, कारण वेश, अलंकार, मोटारी, सारे काही तिकडचेच आहे. तो स्वतंत्र झाला तो बोलीमुळे. भक्ताने देवाचा पोशाख केला, परंतु गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडले.

आता शिव्यांचा प्रश्न. तो टाळून या काव्याविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च २०२३ मध्ये इंदूर येथील त्यांचा कार्यक्रम काही संघटनांनी अश्लीलतेच्या आरोपावरून बंद पाडला. मराठी वाचकाने या बाबतीत फार सोवळेपणा दाखवू नये; तुकारामांच्या गाथेतील कित्येक अभंग आजही सभेत मोठ्याने वाचता येत नाहीत. परंतु या तुलनेचा आधार घेऊन सुटका करून घेणेही बरोबर नाही. तुकारामांची शिवी दांभिकावर पडते. तिला लक्ष्य असते आणि ते बहुधा बोलणाऱ्यापेक्षा बलवान असते. स्टॅन यांच्या शिव्यांचे तसे नाही. काही ठिकाणी, विशेषतः ‘तडीपार’मध्ये, शिवी ही वस्तीतल्या बोलण्याचा नैसर्गिक ताल म्हणून येते, ती काढली तर ओळ लंगडी होते. पुष्कळ ठिकाणी ती केवळ रिकामी मात्रा भरून काढते, आणि स्त्रीविषयीच्या शिव्यांत तर लक्ष्य नेहमीच दुबळे असते. छंदासाठी योजलेले भरतीचे ‘हो’, ‘की’, ‘पै’ आपण पंडित कवींच्या पदरी दोष म्हणून घालतो. भरतीची शिवीही तितकाच मोठा दोष मानली पाहिजे, आणि दुबळ्यावर उगारलेली असल्यास त्याहून मोठा.

हे कवीला स्वतःला जाणवलेले नव्हते असे नाही. ‘अस्तगफिरुल्लाह’ या शब्दाचा अर्थ ‘मी अल्लाहपाशी क्षमा मागतो’. हे गीत म्हणजे मागल्या आयुष्यावर व मागल्या गीतांवर टाकलेली पश्चात्तापाची दृष्टी आहे. त्यात आईबापांचे कष्ट आहेत, हाती आलेल्या पैशाची भीती आहे, आणि आपण जे बोललो ते कोणी ऐकत होते याची जाणीव आहे. ठोकाही येथे मागे सरतो. संतवाङ्मयातील अनुतापाचे अभंग ज्याने वाचले आहेत त्याला या गीताचा गाभा परका वाटणार नाही. स्टॅन यांच्या सर्व रचनेत हीच रचना उत्तम ठरेल. पण अनुताप हा त्यांच्या काव्याचा मुक्काम झाला नाही, वाटेवरचे एक स्थानक झाले. पुढील गीतांत जुनी बढाई परत येते. एखाद्या विसाव्या वर्षाच्या कवीकडून याहून अधिकाची अपेक्षा करावी काय, असे कोणी विचारील. ज्याने एकदा ‘अस्तगफिरुल्लाह’ लिहिले त्याच्याकडून ती करावी.

याहून गंभीर उणीव दुसरी आहे. स्टॅन यांच्या गीतांत वस्ती आहे, वस्तीभोवतालचा मुलूख नाही. अमेरिकेत १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याचे साथीदार यांनी ‘द मेसेज’ या गीतातून मोडकळीस आलेल्या गल्लीचे वर्णन केले, तेव्हापासून आपल्या परिसराचा साक्षीदार होणे हे रॅपचे एक मानलेले कर्तव्य ठरले. महाराष्ट्रातही ते ओळखणारे निघाले. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’मधून आरे वनातील आदिवासींची बाजू मांडली, राज मुंगासे यांनी २०२३ मध्ये मराठीतून राजकीय टीकेचा रॅप केला व त्यापायी त्यांच्यावर गुन्हा नोंदविण्यात आला. पुण्याच्या पश्चिमेस पसरलेल्या मावळात गाण्यासारखे काही घडले नाही असे नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीस शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर त्यांनी आंदोलन केले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसे मृत्यू पावली. त्या वेळी स्टॅन अकरा वर्षांचे होते. त्या घटनेवर त्यांनी गावे असा आग्रह धरण्याचा अधिकार समीक्षेस नाही. कवी आपला विषय आपण निवडतो. पण ज्याने पोलिसी शब्द शीर्षस्थानी घेतला त्याच्या कल्पनेत पोलीस व वस्तीतला तरुण यांच्यापलीकडे तिसरे कोणी येत नाही, हे त्या कल्पनेचे आखूडपण होय. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजीसह मावळे येतात, घोरपड येते, लग्न टाकून निघालेले घर येते. नायक एकटा नसतो. स्टॅन यांचा नायक बहुतेक वेळा एकटा असतो, आणि त्याच्याभोवती जमलेली मंडळी केवळ त्याचा जयजयकार करण्यापुरती असतात.

परिणामी ही गीते मावळात पोचली ती मावळची म्हणून नव्हे. पावसाळ्यात भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींतून अशा प्रकारची गीते वाजतात. ती वाजविणारे शहरांतून आलेले, आणि ऐकणारे मक्याची कणसे भाजून विकणारे. कामशेत-तळेगावच्या तरुणांतही ती आवडीने ऐकली जातात, हे खरे. कारखान्याच्या पाळीवरून परतणाऱ्या मुलाला ‘नुसता पैसा’ या दोन शब्दांत आपल्या मनातले काही सापडत असेल, तर ते कोणत्याही समीक्षकाने हिरावून घेण्यासारखे नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने एक अडचण तातडीची आहे. १८९१ मध्ये ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला तो गोंधळ्यांच्या तोंडून उतरून घेऊन. त्यामुळे पुढील संशोधकांस निदान वाद घालण्यापुरती संहिता मिळाली. स्टॅन यांची गीते ध्वनिमुद्रित असल्याने ती नष्ट होण्याचे भय नाही असे वाटते, परंतु त्यांची लिखित रूपे जी प्रचारात आहेत ती बहुतांशी रोमन लिपीत, चाहत्यांनी कानाने ऐकून उतरविलेली. रोमन लिपीत ‘शाणा’ आणि ‘शाना’ एकच दिसतात. ‘तडी’ आणि ‘ताडी’ यांतही फरक राहत नाही. कोठे मराठी शब्द हिंदी उच्चाराने म्हटला आहे, कोठे हिंदी शब्दाला मराठी प्रत्ययाचे वळण दिले आहे, आणि ठोका नेमका कोणत्या अक्षरावर थांबविला आहे, हे देवनागरीत मात्राखुणांसह उतरविल्यावाचून या बोलीचे व्याकरण हाती येणार नाही. ‘तडीपार’मधील गीतांपासून या कामास आरंभ करता येईल. ते उतरविणाऱ्याजवळ ‘छंदोरचना’ असावी, आणि सोबत ताडीवाला रस्त्यावरचा एखादा जाणकार बसलेला असावा.